साक्षात्कार आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती अनुभवाची तीन रूपे

१

मराठी वाङ्मयविचारात ‘साक्षात्कार’ हा शब्द उच्चारला की जी नावे समोर येतात ती ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंतची असतात. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातील गूढवादाचा जो बृहद् इतिहास इंग्रजीतून सिद्ध केला, त्याची सीमा हीच होती. शं. गो. तुळपुळे यांच्या गूढवादविषयक विवेचनानेही मध्ययुग हाच आपला प्रांत मानला. या ग्रंथांचा संकल्पित विषय पाहता त्यात वावगे काही नाही. परंतु ग्रंथाची सीमा हीच विषयाची सीमा आहे असे पुढे गृहीत धरले गेले आणि मराठीतील साक्षात्काराचा इतिहास सतराव्या शतकात संपला, अशी एक अलिखित समजूत रूढ झाली.

या समजुतीचा परिणाम ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या वाट्याला विशेष आला. वाङ्मयेतिहासात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. पण त्या प्रकरणात नोंद झाली ती मुद्रण, व्याकरणे, कोश, नियतकालिके आणि बायबलची भाषांतरे यांची. म्हणजे ख्रिस्ती मंडळींनी मराठी भाषेसाठी काय केले याचा हिशेब मांडला गेला. मराठी भाषेत त्यांनी काय अनुभवले याची विचारपूस झाली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आणि त्यांची अभंगरचना चर्चच्या उपासनेपुरती उरली. पंडिता रमाबाईंची गणना समाजसुधारकांत झाली. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे कौतुक विनोदी, प्रांजळ आत्मचरित्र म्हणून झाले. तिन्ही मूल्यमापने खरी आहेत. पण या तिन्ही व्यक्तींच्या जीवनाला ज्याने कलाटणी दिली तो अनुभव त्यांपैकी एकाही मूल्यमापनात मध्यवर्ती ठरत नाही.

प्रस्तुत विवेचनाचा हेतू हा अनुभव खरा होता की भास होता, हे ठरविण्याचा नाही. तो निर्णय समीक्षेच्या अधिकारात येत नाही. समीक्षेपुढील प्रश्न वेगळा आहे. ज्या भाषेत ‘देवाचा अनुभव’ सांगण्याची सारी साधने दुसऱ्या एका संप्रदायाने घडविलेली आहेत, त्या भाषेत ख्रिस्ताचा अनुभव सांगू पाहणाऱ्याने काय करावे? टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

२

‘साक्षात्कार’ आणि ‘साक्ष’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी डोळा आहे. साक्षात्कार म्हणजे स्वतःच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष होणे. साक्ष म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले चारचौघांपुढे सांगणे. मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणे’ हा वाक्प्रचार रुळलेला आहे आणि तो सूचक आहे. ख्रिस्ती परंपरेत देवानुभव घेणाऱ्यावर तो मंडळीपुढे मांडण्याची आणि तपासू देण्याची जबाबदारी पडते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश साध्वी तेरेसा हिने आपले आध्यात्मिक ग्रंथ धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिले आणि त्यांची छाननीही झाली. माइस्टर एक्हार्ट या जर्मन गूढवाद्याची काही विधाने त्याच्या मृत्यूनंतर, १३२९ साली, पोपने दोषार्ह ठरविली. ईश्वर आणि मानव, निर्माता आणि निर्मिती यांतील भेद मिलनाच्या परमोच्च क्षणीही पुसला जाता कामा नये, ही तेथील मर्यादा होती. तेरेसेने मिलनासाठी विवाहाची प्रतिमा वापरली. आणि त्या मिलनाची परीक्षा तिने समाधीच्या गाढतेवर न ठेवता नंतरच्या सेवाकर्मावर ठेवली.

विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढानुभवाची चार लक्षणे सांगितली : अनिर्वचनीयता, ज्ञानात्मकता, क्षणिकता आणि अनुभव घेणाऱ्याच्या इच्छाशक्तीचा लोप. या मांडणीत अनुभव हा गाभा ठरतो आणि भाषा केवळ वरचे वेष्टन. स्टीव्हन कॅट्झ यांनी १९७८ मध्ये याच्या नेमके उलट प्रतिपादन केले : परंपरेने आधी दिलेल्या संकल्पनांवाचून घडलेला, निखळ असा अनुभव नसतोच, ज्यू साधकाला ज्यू अनुभव येतो आणि बौद्ध साधकाला बौद्ध.

मराठी ख्रिस्ती उदाहरणांपुढे हे दोन्ही सिद्धान्त अडखळतात. जेम्स यांच्या मते अनुभवाने भाषेआधी यायला हवे. टिळकांच्या बाबतीत भाषा आधीपासून हजर होती. कॅट्झ यांच्या मते परंपरेने अनुभव घडवायला हवा. पण धर्मांतरित व्यक्तीच्या ठायी परंपरा एक नसते, दोन असतात आणि त्यांचे एकमेकींशी पटेलच असे नाही. म्हणूनच ही उदाहरणे प्रादेशिक कुतूहलाचा विषय नसून सिद्धान्ताची कसोटी पाहणारी आहेत.

३

टिळकांच्या आधी जवळजवळ तीन शतके फादर थॉमस स्टीफन्स यांनी या प्रश्नाला हात घातला होता. १६१६ साली राचोल येथे मुद्रित झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. स्टीफन्स यांनी पुराणाचा साचा, ओवीचा छंद आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यांसारखे शब्द निःसंकोच स्वीकारले. परंतु पुराण हा कथनाचा प्रकार आहे. पाद्री सांगतो, श्रोता शंका विचारतो, कथा पुढे जाते. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या अंतःकरणात काय घडले, हे सांगण्याची सोय या रचनेत फारशी नाही. मराठीत ख्रिस्तानुभवाचा प्रथमपुरुषी उद्गार निघायला ओवीकडून अभंगाकडे यावे लागले, आणि ते टिळकांनी केले.

टिळकांचा (१८६१–१९१९) धर्मांतराचा इतिहास परिचित आहे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला; डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात राहिले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार वारंवार उद्धृत होतात. मात्र त्यांचा अर्थ फारच ढोबळपणे लावला जातो. सेतू ओलांडला की मागे राहतो. टिळकांनी तो मागे टाकला नाही. त्यावरच घर बांधले.

त्यांच्या अभंगांतील ‘दास म्हणे’ ही नाममुद्रा या दृष्टीने पाहावी. मराठी वाचकाला ती तत्काळ संतपरंपरेची वाटते. रामदासांची आठवण तर होतेच. पण बायबल वाचणाऱ्याला त्याच शब्दात संत पौलाचा आवाज ऐकू येतो, कारण रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो. एकच शब्द दोन वंशावळी सांगतो. ख्रिस्ताला ‘गुरुमाउली’ म्हणण्यातही हेच घडते. वारकऱ्याला विठ्ठल माउली असतो. परंतु विठ्ठलाने क्रूसावर प्राण दिलेला नाही. ‘माउली’ हा शब्द ख्रिस्ताला लावताच त्यात वेदनेची एक नवी छटा येते. म्हणजे शब्द ख्रिस्ताला मराठी करतो, तसाच ख्रिस्तही शब्दाला बदलतो. टिळकांनी ख्रिस्ताचे ‘हिंदूकरण’ केले हा आक्षेप, आणि टिळकांची कविता म्हणजे ख्रिस्ती वेषातील भक्तिकाव्य हे कौतुक, या दोहोंनाही व्यवहाराची ही दुसरी बाजू दिसत नाही.

मिलनाची प्रार्थना करणाऱ्या त्यांच्या एका प्रसिद्ध रचनेवरून हे अधिक स्पष्ट होते. चंद्र आणि त्याचे किरण, शब्द आणि त्याचा अर्थ या जोड्यांप्रमाणे ख्रिस्ताशी आपले नाते जुळावे, असे कवी तेथे मागतो. या प्रतिमा नव्या नाहीत. शब्द-अर्थाची जोडी ‘रघुवंशा’च्या मंगलाचरणापासून चालत आलेली आहे, आणि ‘अमृतानुभवा’त शिव-शक्तीचे ऐक्य सांगताना ज्ञानदेवांनी दोन ओठांत एक बोल, दोन डोळ्यांत एक दृष्टी अशा जोड्यांची मालिकाच उभी केली आहे. प्रतिमांचा वंश एक; क्रियापदांची रीत मात्र वेगळी. ज्ञानदेवांच्या जोड्या निश्चयार्थी आहेत : ते दोघे एकच आहेत. टिळकांच्या जोड्या प्रार्थनार्थी आहेत : आम्ही असे व्हावे. अद्वैताच्या भाषेत जे सिद्ध सत्य आहे, ते येथे याचना बनून येते. याचना करायची तर मागणारा आणि देणारा असे दोघे शिल्लक असावे लागतात. एक्हार्टला ज्या मर्यादेवर अडविले गेले, ती मर्यादा टिळकांनी धर्मशास्त्राच्या चर्चेने पाळली नाही. ती त्यांच्या व्याकरणाने पाळली. याच रचनेत कवी पत्नीच्या, मुलीच्या, बहिणीच्या नात्याने ख्रिस्ताला जवळ करू पाहतो. गौळण-विराण्यांत पुरुष कवीने स्त्रीचा आवाज घेणे मराठीला परिचित आहे. पण येथे विरहिणीबरोबर मुलगी आणि बहीण आल्या, आणि मधुराभक्तीच्या वर्तुळात संबंध कुटुंब सामावले.

या अनुभवाची सामाजिक परिणती १९१७ साली दिसली. मिशनचे वेतन सोडून टिळकांनी संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही त्यात स्थान होते. हा प्रयोग अल्पजीवी ठरला, कारण ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : अभंगाची निवड ही त्यांच्यापुरती केवळ छंदाची निवड नव्हती. ज्या भाषेत अनुभव आला तिच्या जोडीला त्या भाषेचा समाजही आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

४

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) नेमका उलटा मार्ग धरला. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीला भागवत मुखोद्गत होते. टिळकांना जी शब्दसंपदा सेतू वाटली, ती रमाबाईंना आतून ठाऊक होती. आणि म्हणूनच तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. हीच भाषा स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षापासून दूर ठेवण्यासाठी कशी वापरली जाते, हे त्यांनी पाहिले होते. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेले शब्द टाळण्याचा आणि सामान्य बायामाणसांना कळेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरला. या ग्रंथाची जुळणी आणि छपाई केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केली. या भाषेला ‘रुक्ष’ म्हणणे सोपे आहे. पण या रुक्षतेमागे एक नैतिक निर्णय आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तथापि १९०७ साली इंग्रजीतून लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि हा फरक बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आला. हा फरक कळायला विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन कारण झाले. हॅस्लम स्वतःच प्रवचन करीत असताना त्याचे परिवर्तन घडले होते. जो आधीच धर्मोपदेशक आहे त्याचे परिवर्तन व्हायचे राहिले होते म्हणजे काय, या प्रश्नाने रमाबाईंना गाठले. कॅट्झ यांचा सिद्धान्त येथे लागू पडतो असे वाटते : पुस्तकाने अनुभवाचा साचा पुरविला. परंतु साचा आधी मिळाला म्हणून अनुभव उसना ठरत नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनाही तुकोबांचे अभंग आधी भेटले आणि तुकोबा नंतर स्वप्नात दिसले. तेवढ्यावरून त्यांच्या अनुभवाला कोणी नक्कल म्हटलेले नाही. संतकवयित्रीला दिलेली ही सवलत रमाबाईंना नाकारण्यास वाङ्मयीन कारण सापडत नाही.

या मार्गाचे सर्वांत अवघड उदाहरण १९०५ च्या जून महिन्यातील आहे. केडगाव येथे त्या वेळी प्रार्थनेची मोठी लाट उसळली. आदल्या वर्षीच्या वेल्समधील संजीवनाची वार्ता तेथे पोचलेली होती. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेतून एक प्रसंग समजतो. रात्री एका मुलीवर आत्म्याचा अग्नी उतरला; दुसऱ्या मुलीने तिच्याभोवती ज्वाला पाहिली आणि ती पाणी आणायला धावली; पाणी ओतणार इतक्यात कळले, की मुलगी जळत नाही. त्यानंतर मुली एकत्रितपणे मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या.

या प्रसंगात सर्वांत बोलकी वस्तू ज्वाला नव्हे, पाणी आहे. ज्वालेला प्रेषितांच्या कृत्यांतील पेंटेकॉस्टच्या अग्निजिव्हांचा आधार आहे. त्यामुळे शास्त्र जाणणाऱ्याला ती अपेक्षित चिन्ह वाटेल. धावलेल्या मुलीला मात्र ती चिन्ह वाटली नाही, आग वाटली, आणि आग लागल्यावर माणूस जे करतो ते ती करू लागली. अनुभव आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये क्षणभर एक फट पडली. पाणी आणण्याची ती धाव म्हणजे ही फट होय. अर्थाने अनुभवाला पूर्णपणे घडविण्याआधीचा हा क्षण साहित्यात क्वचितच पकडला गेला आहे.

परंतु हा क्षण मराठीत लिहिला गेला नाही. त्या मुलीचे शब्द आपल्यापर्यंत आले ते इंग्रजी वृत्तांतातून, दुसऱ्याच्या लेखणीने. दुष्काळातून आणि बालवैधव्यातून सुटून आलेल्या या मुलींना साक्षात्कार झाला, त्यांनी साक्षही दिली. लेखणी मात्र त्यांच्या हाती नव्हती. टिळकांना संतांनी तयार केलेले घर मिळाले. रमाबाईंनी ते घर नाकारल्यामुळे त्यांच्या मुलींच्या अनुभवाला मराठीत काव्यरूप आसरा उरला नाही. स्वच्छ भाषेच्या आग्रहाची ही किंमत होती, आणि ती मोजावी लागली त्या मुलींना. त्याच वेळी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या घरात शिरायला संतभाषेची ओळख लागत असे. केडगावच्या अंगणात मोठ्याने रडण्यासाठी कोणतीही पूर्वतयारी लागत नव्हती.

५

लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) उत्तर या दोहोंहून वेगळे आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त पतीचा साक्षात्कार घरातून पाहिलेला आहे. टिळकांच्या अंतरंगात काय चालले होते हे त्यांना दिसत नाही. दिसतो तो त्याचा संसारावर झालेला परिणाम. धर्मांतराने त्यांच्या वाट्याला ताटातूट आणि आप्तांचा आक्रोश आला. येथे बहिणाबाईंशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या बहिणाबाईंच्या आत्मकथनपर अभंगांत साक्षात्कार पत्नीला होतो आणि विरोध पती करतो. ‘स्मृतिचित्रे’त साक्षात्कार पतीला होतो आणि विरोध पत्नी करते. मराठी आत्मनिवेदनाच्या परंपरेत देवानुभवाकडे विरोधकाच्या जागेवरून इतक्या प्रेमाने आणि इतक्या रोखठोकपणे पाहिल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या परिवर्तनात ज्वाला नाही, आवाज नाही, स्वप्न नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा विचार करता करता त्यांच्या मनाचा निश्चय होतो आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या मोकळ्या होतात. जेम्स यांची लक्षणे लावली तर याला गूढानुभव म्हणता येणार नाही : सारे काही शब्दांत सांगता येते, इच्छाशक्ती जागी आहे आणि परिणाम क्षणिक नाही. तरीही सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या स्त्रीच्या दृष्टीने त्या पाण्याच्या घोटात एक जग कोसळते आणि दुसरे उभे राहते. ख्रिस्ती अध्यात्मात मिलनाची परीक्षा पुढील कर्मावर ठेवली जाते हे तेरेसेचे सूत्र येथे शब्दशः लागू पडते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत कर्म आधी आले आणि मिलन त्याच्या पाठीमागून चालत आले, एवढाच फरक.

साक्षात्काराच्या या घरगुती रूपाला गौण मानता येत नाही, याचा पुरावा ‘ख्रिस्तायना’त आहे. टिळकांनी दहा-अकरा अध्यायांपर्यंत आणून सोडलेले हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून जवळजवळ पूर्णतेला नेले आणि १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. ज्या अनुभवाने त्यांचा संसार मोडला होता, त्याच अनुभवाचे काव्य त्यांनी ओवीत सांगितले. साक्षात्कार एकाचा आणि साक्ष दुसरीची, असा हा दुर्मीळ योग आहे.

६

या तीन उत्तरांची प्रतवारी लावणे इष्ट नाही. मात्र त्यांतून निघणारे निष्कर्ष टाळता येत नाहीत. पहिला असा, की संतभाषा ही कोणा एका संप्रदायाची खाजगी मिळकत नाही. आपेगाव, पैठण, नरसी, तेर या गोदावरीच्या आणि तिच्या आसपासच्या मुलखात जी बोली देवाशी बोलण्यासाठी घडली, ती सुमारे सहाशे वर्षांनी अहमदनगरच्या ख्रिस्ती कवीला ख्रिस्ताशी बोलायला पुरली. तिला तडा गेला नाही. उलट तिच्या अर्थात भर पडली. दुसरा असा, की ही भाषा सर्वांनाच घर वाटत नाही. ज्यांना तिने उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांनी ती नाकारली, तर त्या नकाराला अरसिकता म्हणता येणार नाही. पुढे दलित साहित्याने संतपरंपरेला जे प्रश्न विचारले त्यांची एक आधीची खूण रमाबाईंच्या बायबलात सापडते. तिसरा असा, की गूढानुभवाचा अभ्यास केवळ अनुभव घेणाऱ्याच्या उद्गारांवर थांबता कामा नये. शेजारी उभी असलेली व्यक्ती, पाणी आणायला धावणारी मुलगी, संसार सांभाळणारी पत्नी, यांच्या साक्षीही त्या अनुभवाच्या संहितेचाच भाग असतात.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी भूषविले, तेव्हा त्यांच्या निवडीविरुद्ध बराच गदारोळ उठला. त्या वादात धर्मांतर, निष्ठा, इतिहास यांची चर्चा झाली. ख्रिस्ती माणसाच्या मराठीतील देवानुभवाचे काय, हा प्रश्न अपवादानेच विचारला गेला. संतांच्या मुलखातच हे घडले यात एक उपरोध आहे. तो दूर करण्याचे काम अभ्यासक्रमाचे आहे. टिळकांचे अभंग तुकोबांच्या अभंगांशेजारी आणि ‘स्मृतिचित्रे’ बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाशेजारी ठेवून शिकविले जाऊ लागतील, तेव्हा मराठीतील साक्षात्काराचा इतिहास सतराव्या शतकाच्या पुढे सरकेल. केडगावच्या त्या अनाम मुलींची जागा मात्र तेव्हाही रिकामीच राहील. आणि ती रिकामी आहे एवढी नोंद तरी त्या इतिहासाला करावी लागेल.